पत्नीच्या तब्येतीवर घेतलेला आक्षेप

आमच्या कार्यालयात बायको आजारी पडणं सोपं नव्हतं. बायका आजारी पडत, पण त्यासाठी रजा मिळवताना घाम नवऱ्यांना फुटायचा. बाकी कुठल्याही कारणाला बडे बाबूंची, म्हणजे आमच्या हेडक्लार्कची, हरकत नसे. मेहुण्याचं लग्न, गावाकडची तेरवी, दाढदुखी, सगळे अर्ज ते न वाचल्यासारखे साहेबांकडे सरकवत. पण ‘पत्नी का स्वास्थ्य ठीक नहीं होने से’ एवढे शब्द दिसले की चष्मा कपाळावर जायचा, खिशातली पेन्सिल बाहेर यायची आणि अर्जाच्या समासात बारीक अक्षरांत तीन प्रश्न उमटायचे. काय होत आहे ते माहीत आहे का? कधीपासून ते माहीत आहे का? रजा घेऊन आपण स्वतः काय करणार?

अर्ज परत टेबलावर यायचा. माणूस तणतणत त्यांच्याकडे जायचा.

“बडे बाबू, घर की बात है. ऑफिस में कैसे बताएँ?”

“बताना किसको है? मुझे मत बताओ. तुमको पता है कि नहीं, इतना बोलो. हाँ या ना.”

बहुतेकांचं उत्तर ‘ना’ असायचं. मग ते म्हणायचे, “घर जाओ, पूछो, फिर आओ.” दुसऱ्या दिवशी माणूस येऊन पहिल्या दोन प्रश्नांना मान डोलवायचा, तिसऱ्याचं काहीतरी सांगायचा. त्याचं समाधानकारक उत्तर मिळालं, की बडे बाबू खिशातून खोडरबर काढत आणि आपल्याच हातानं तिन्ही प्रश्न पुसून टाकत. फुंकर मारून कागद साफ करत. बाईमाणसाचं दुखणं सरकारी कागदावर राहता कामा नये, असा त्यांचा नियम होता. इतर सगळं ते शाईनं लिहीत. पेन्सिल फक्त बायकांसाठी.

नवं राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. आमचं कार्यालय रायपूरला शंकर नगरातल्या भाड्याच्या बंगल्यात होतं. आवक-जावक स्वयंपाकघरात, लेखा शाखा देवघरात आणि जुन्या नस्त्या न्हाणीघरातल्या टबमध्ये. मी आमगावचा. वडील तांदळाच्या गिरणीत हमाल. आमच्या सगळ्या नात्यात पहिला बी.ए. मी, आणि पहिला सरकारी नोकरदारही मीच. रुजू झालो त्या दिवशी बडे बाबूंनी माझा कागद वाचला आणि एकदम मराठीत विचारलं, “कोण्या गावचा तू?” त्यांचे आजोबा भंडाऱ्याकडून रेल्वेत आले होते. ते स्वतः रायपूरच्या रेल्वे क्वार्टरात वाढलेले. त्या दिवसापासून त्यांनी मला नावानं कधीच हाक मारली नाही. ‘बी.ए.’ म्हणत. त्यात थोडी थट्टा होती, पण मला त्या हाकेचा अभिमानच वाटायचा. टिप्पणी कशी लिहायची, साहेबासमोर कधी बसायचं आणि कधी उभं राहायचं, हे सगळं त्यांनीच मला शिकवलं. मी आज जो कोणी आहे त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. हे सुरुवातीलाच लिहून ठेवतो, कारण पुढे त्यांनी माझी बरीच फजिती केलेली आहे.

आमच्यातले साहूजी महासमुंदचे, भला माणूस. बायको गरोदर म्हणून त्यांनी दवाखान्यात न्यायला रजा मागितली. तिसऱ्या प्रश्नाला त्यांनी उत्तर लिहिलं, ‘साथ में रहूँगा.’ अर्ज परत. समासात: ‘साथ में रहकर क्या?’ साहूजींनी लिहिलं, ‘बाहर बेंच पर बैठूँगा.’ अर्ज पुन्हा परत. ‘बेंच पर बैठने हेतु अवकाश देय नहीं. अंदर जाएँ.’

अंदर जायचं म्हणजे डॉक्टरीण काही विचारणार. म्हणून बडे बाबूंनी जेवणाच्या सुट्टीत साहूजींची तयारी घ्यायला सुरुवात केली.

“महिना कौन सा चल रहा है?”

“चौथा.”

“किस तारीख से गिना?”

साहूजी लाल झाले. डबा झाकत हळूच म्हणाले, “जगदलपुर घूमने गए थे न, वहाँ से.”

सगळे हसले. टायपिस्ट दीदी हसल्या नाहीत. त्या विणकाम करता करता म्हणाल्या, “भैया, जगदलपुर से नहीं गिनते. उसके पहले जो आखिरी महीना आया था, उसके पहले दिन से गिनते हैं.”

साहूजींचा घास हातातच राहिला. जगदलपूरच्या आधीपासून कसं मोजता येईल, हे त्यांना पटेना. मलाही पटलं नाही, पण मी बी.ए. असल्यामुळे गप्प बसलो. तेव्हा बडे बाबू उठले. त्यांनी टेबलावरची डिंकाची बाटली उचलली, उलटी धरली, फाईल बांधायच्या दोन नाड्या तिच्या दोन्ही बाजूंना लावल्या आणि नाड्यांच्या टोकांना एकेक टाचणीची गादी अडकवली.

“ही पिशवी,” ते मराठी-हिंदी मिसळून बोलू लागले, “ये दो नली. अंडं इथून निघते. महिनाभर पिशवी आतून अस्तर तयार करते. पाहुणा आला तर ठीक, नाही आला तर अस्तर बाहेर.”

“बडे बाबू, नली नीचे लग गई है. ऊपर से लगती है,” दीदी विणकामातून मान वर न करता म्हणाल्या.

“हव,” म्हणत त्यांनी निमूटपणे नाड्या सरकवल्या. दीदी चूक काढत आणि ते सुधारत. दोघांत असा काही करार होता की काय, कोण जाणे. त्या दिवसानंतर आमच्या शाखेत कोणीही डिंकाला हात लावला नाही. सगळे कागद टाचण्यांनी जोडले जाऊ लागले आणि वर्षअखेरीच्या तपासणीत टाचण्यांचा खप इतका का, असा शेरा आला. त्याचं उत्तर बडे बाबूंनी काय दिलं ते मला माहीत नाही.

निवृत्तीच्या दिवसापर्यंत त्यांची ही खोड गेली नाही. तोवर कार्यालय नवा रायपुरात गेलं होतं. सहापदरी रस्ता, आणि बसची वाट बघत उभे आम्ही चार माणसं. तिथल्या गार सभागृहात साहेबांनी त्यांना शाल दिली, कर्तव्यनिष्ठ वगैरे म्हटलं. उत्तराला उभे राहून बडे बाबूंनी सगळ्या पुरुषांना एकेक चिठ्ठी वाटली. नाव लिहू नका, फक्त बायकोचं हिमोग्लोबिन किती आहे तेवढं लिहा. चिठ्ठ्या त्यांनी शालीतच गोळा केल्या आणि मोठ्यानं वाचल्या. बऱ्याच कोऱ्या निघाल्या. एकानं ‘बी पॉझिटिव्ह’ लिहिलं होतं. एकानं ‘अच्छा है’. आणि एका चिठ्ठीवर हिरव्या शाईत नुसतं प्रश्नचिन्ह होतं. हिरवी शाई आमच्याकडे एकच माणूस वापरत असे. सभागृह हसू दाबत खुर्चीतल्या खुर्चीत हलत होतं आणि साहेब पंख्याकडे पाहत होते.

पण मला खरं लिहायचं आहे ते माझ्या अर्जाबद्दल.

तेव्हा कार्यालय अजून बंगल्यातच होतं आणि माझ्या लग्नाला वर्ष होत आलं होतं. बायकोला चौथा महिना होता. समता कॉलोनीतल्या एका खोलीत आम्ही राहायचो. ती दिवसभर गळून गेल्यासारखी असायची. मी म्हणायचो, आराम कर. एवढं बोललं की आपलं काम झालं, असं मला वाटायचं. पहिल्या तपासणीला ती एकटीच जाऊन आली होती. दुसऱ्यांदा सोबत जायचं म्हणून मी अर्ज दिला. बडे बाबू सूट देतील अशी आशा होती. समासात तीन प्रश्न आले.

मी आयुष्यभर प्रश्नांची उत्तरं पुस्तकातून दिलेली. संध्याकाळी ग्रंथालयात गेलो, बसून दोन ताव भरले. ‘गर्भावस्थेतील रक्ताल्पता: कारणे, लक्षणे व उपाय.’ समासाची रेघ मारली, उपशीर्षकांना अधोरेखा दिल्या, शेवटी आकृतीसुद्धा काढली. सकाळी अर्जाला जोडून दिलं. बडे बाबूंनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मग पेन्सिलीनं लिहिलं, ‘उत्तर विद्यापीठाकरिता योग्य. पत्नीशी चर्चा करून पुन्हा सादर करा.’

‘चर्चा करा’ हा आमच्याकडचा नेहमीचा शेरा. पण तो घेऊन बायकोसमोर बसायचं कसं? ती पोळ्या लाटत होती. मी पाटावर बसलो.

“तुला नेमकं काय होऊन राहिलं? आणि कधीपासून?”

तिनं लाटणं थांबवलं. “ऑफिसातून विचारलं का?”

“ऑफिसातून विचारा म्हणाले. सांगू नका म्हणाले.”

“म्हणजे?”

“म्हणजे मला माहीत पाहिजे. त्यांना नको.”

ती हसते की रडते ते कळेना. मग तिनं हात पुसले, पेटी उघडली आणि साडीच्या घडीतून दवाखान्याची चिठ्ठी काढली. पंधरा दिवसांपूर्वीची. तिच्या रक्तात सिकलचा, म्हणजे आईबापाकडून उतरणाऱ्या सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा, अंश निघाला होता. हा आजार आमच्या भागात घराघरांत ऐकलेला, पण तिला आजार नव्हता, नुसता अंश. तेवढ्यानं तिला काही होत नाही. थकवा होता तो रक्त कमी असल्याचा, त्याच्या गोळ्या दिल्या होत्या. पण नवऱ्याच्याही रक्तात तसाच अंश असला तर बाळाला मोठा आजार होऊ शकतो. म्हणून खाली लिहिलं होतं, ‘पति की जाँच आवश्यक.’

“पंधरा दिवस काहून लपवली?”

“तुमच्या आईले कळलं तर म्हणतील, पोट्टीच्या घरचं रक्तच खराब. आणि तुमाले तपासा म्हटलं तर तुमाले राग येईल. माह्या ताईनं म्हटलं तर भाऊजीले आला होता.” मग हळू म्हणाली, “आणि तुमी विचारलंच कुठं?”

खरं सांगायचं तर मला रागच आला. नंतर भीती वाटली. आजवर मी एकाही परीक्षेत नापास झालो नव्हतो, कारण प्रत्येक परीक्षेचा अभ्यास करता यायचा. ह्या पेपरचा अभ्यास करायची सोयच नव्हती. चार दिवस मी आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो. तिनं एकदाही आठवण करून दिली नाही. पाचव्या दिवशी मी अर्ज दिला. पत्नीचा उल्लेख टाळला, स्वतःच्या रक्ताचाही. कारण लिहिलं, ‘घरेलू कार्य.’

बडे बाबूंनी अर्ज वाचला. पेन्सिल काढली नाही. अर्ज घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, “ऑफिस सुटल्यावर घरी चाल माह्या.”

ऑफिसात सगळ्यांचा समज होता की त्यांची बायको पहिल्या बाळंतपणात वारली आणि म्हणून हा माणूस असा झाला. साहूजी तर हे सांगताना डोळे पुसायचे. त्यामुळे दार उघडून एक धिप्पाड बाई समोर आल्या आणि “चप्पल बाहेर काढा” म्हणाल्या, तेव्हा मी बहीण असेल समजून नमस्कार केला.

“हा बी.ए.,” बडे बाबू म्हणाले. “घरगुती काम लिहून आणलं यानं.”

त्या बाई जोरात हसल्या. समोर मेथीची जुडी घेऊन बसल्या, एक जुडी माझ्याही हातात दिली. “निवडा. घरगुतीच काम आहे हे.”

मी मेथी निवडू लागलो.

“माही पिशवी काढली ना, त्या दिवशी याहीनं साहेबाले अर्ज देल्ला. कारण, घरगुती काम. दोन दिवसांनी साहेबानं विचारलं, झालं का काम? हे म्हणाले, हो सर, झालं.” त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. “झालं म्हणे. जसा काही नळ दुरुस्त केला.”

बडे बाबू मान खाली घालून काड्या वेगळ्या करत होते. ऑफिसात ज्यांच्यासमोर सगळे चळाचळा कापत, ते इथे साहूजींसारखे दिसत होते.

“डॉक्टरनं याहीले विचारलं, किती दिवसांपासून इतकं रक्त जाते? हे म्हणे, दोन-चार दिवस झाले असतील. चार वर्षं जात होतं, बी.ए. चार वर्षं मी टॉवेल वेगळे वाळवून राहिली होती आणि हे म्हणत, टॉनिक घे.”

“मग मी तिले विचारलं,” बडे बाबू वर न पाहता म्हणाले, “मले सांगितलं काहून नाही? तर म्हणे, तुमी विचारलंच कुठं.”

मला माझ्या घरातलं तेच वाक्य आठवलं. मेथी निवडून झाल्यावर बाईंनी चहा दिला. निघताना बडे बाबूंनी खिशातला अर्ज काढून माझ्या हातात ठेवला. “पुन्हा लिहून आण. जे आहे थे लिही.”

सकाळी मी लिहिलं: ‘स्वयं की रक्त जाँच हेतु.’ अर्ज दहा मिनिटांत मंजूर झाला.

तपासणीच्या खोलीबाहेर पोटं सांभाळत बसलेल्या बायका होत्या. नर्स दारातून ओरडली, “पति लोग इधर!” पती लोगांत मी एकटाच उठलो. बाकीच्या बाया माझ्याकडे आणि मग माझ्या बायकोकडे पाहू लागल्या. तिनं पदर सारखा केला आणि ताठ बसली. बोटाला सुई टोचली, तेवढंच.

आठवड्यानं कागद मिळाला. माझं रक्त साधं निघालं. बाळाला त्या आजाराचं भय नव्हतं. मी बायकोला म्हणालो, “माझं चांगलं निघालं.”

ती म्हणाली, “बरं झालं.” आणि पोळी तव्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात पेढे नेले. पास झाल्यावर पेढे वाटायचे, एवढंच मला माहीत होतं. साहूजींनी दोन घेतले, दीदींनी एक. बडे बाबूंनी पुडा हातात घेतला, झाकण लावलं.

“कशाचे?”

“रिपोर्ट चांगला आला.”

“तू पास झाला?”

“हो.”

“मग नापास कोण झालं?”

मी पुडा परत घ्यायला हात पुढे केला.

“थ्या पोट्टीनं पंधरा दिवस एकटीनं भेव पचवलं, आणि तू पेढे वाटून राहिला, माह्यात दोष नाही म्हणून.” त्यांचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. “ने घरी. तिच्यासमोर ठेव, आणि तिले काय वाटते थे ऐक. तू बोलू नको.”

मी ऐकलं. तिला बोलायला वेळ लागला. पण बोलायला लागली तेव्हा भात करपेपर्यंत बोलली.

सातव्या महिन्यात ओटी भरायला आई आमगावहून आली. सून माहेरी कधी जाणार, दवाखान्यात काय काय सांगितलं, सगळं विचारू लागली. बायको ओट्यापाशी पाठमोरी होती. मी म्हणालो, “आम्हा दोघांचं रक्त तपासलं. सिकलसाठी. बाळाला आजाराचं भय नाही.”

“दोघांचं? तुहं काहून?”

“बाळ दोघांचं आहे म्हणून.”

“मग दोष कोणात निघाला?”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बायको वळली. “माह्या रक्तात आहे, आई. आजार नाही, अंश आहे. डॉक्टरनं दाखवलं मले.” तिचा आवाज कापला नाही.

आई माझ्याकडे वळून म्हणाली, “माहं तपासतीन का?”

मी पुन्हा रजा घेतली. आईचं रक्तही साधंच निघालं, पण फारच कमी होतं, तिलाही गोळ्या सुरू झाल्या. पण हे नंतरचं. त्या दिवशी रांगेत आई माझ्या आणि बायकोच्या मध्ये बसली होती. समोरच्या बाईच्या मांडीवरच्या तान्ह्याकडे पाहत ती सहज बोलल्यासारखी म्हणाली, “तुह्या आधी माही दोन गेली.”

“दोन काय?”

“लेकरं. एक आठव्या दिवशी, एक तर रडलंच नाही.”

मी तिचा सत्तावीस वर्षांचा मुलगा, पहिला वहिला म्हणून वाढलेला. “तू कधी सांगितलं नाही.”

“तू कधी पुसलं?” आई म्हणाली. “कोणीच नाही पुसलं. तुह्या बापानंही नाही. थे गिरणीत होते.” माझ्या बायकोनं काही न बोलता तिचा हात धरला.

संध्याकाळी मी आमगावच्या घराशेजारच्या किराणा दुकानात फोन लावून वडिलांना बोलावून घेतलं. ते धापा टाकत आले, त्यांना वाटलं सुनेचं काही झालं. मी सांगितलं, सगळं ठीक आहे. मग विचारलं, “बाबा, माझ्या आधी दोन होती, तुम्हाला आठवते का?”

दुकानात कोणीतरी साबण मागत होतं, ते ऐकू येत होतं.

“पहिली पोट्टी होती,” ते म्हणाले. “केस लय होते तिले. कपाळावर येत.” मग त्यांनी विचारलं, “तुही माय बोलली का तिच्याबद्दल? काय बोलली?”